बिनखिडकीची केबिन

चित्रात एकूण अकरा वस्तू होत्या. दोन पलंग, त्यांच्यामधे एक टेबल, टेबलावर दिवा, समोर आरसा, आरशाखाली बिनहाताची खुर्ची, भिंतीत बसवलेला टीव्ही, कपाट, निळा पडदा, पडद्याआड बाल्कनीचं काचेचं दार आणि उजव्या कोपऱ्यात न्हाणीघराचं दार. शिरूरच्या एसटी स्टँडवर दौंडच्या गाडीची वाट बघत करुणानं मोबाइलवर त्या एकेक करून मोजल्या. मोजणं हा तिचा धंदाच होता. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाल्यापासून ती रांजणगावच्या एका मापन-प्रयोगशाळेत कामाला होती आणि कारखान्यांतून येणाऱ्या मोजपट्ट्यांची, कॅलिपरची चूक शोधून लेबल चिकटवणं हे तिचं रोजचं काम. जहाजाच्या या खोलीचं चित्र तिनं महिन्याभरात कितीदा तरी पाहिलं होतं, आईला मोठं करून दाखवलं होतं, आणि नवनाथमामानं तर कुरकुंभच्या त्याच्या कारखान्यातल्या सगळ्यांना ते पाठवलं होतं. पण आज वेळ काढायला म्हणून मोजताना तिचं बोट बाराव्या वस्तूवर थांबलं. न्हाणीघराच्या दाराच्या तळाशी एक चकचकीत पट्टी होती. आधी तिला ती उजेडाची रेघ वाटली. दोन बोटांनी चित्र ताणलं तशी ती रेघ जाड झाली, तिला वरची कड आली, खालची सावली आली. तो उंबरा होता. आरशाखालच्या खुर्चीची बैठक साधारण पंचेचाळीस सेंटिमीटर उंच धरली, दार खुर्चीच्या मागे आहे म्हणून थोडी वाढ धरली, तर उंबरा पंधराच्या आसपास भरत होता. दार पंचावन्न रुंद.  स्टँडवर कुणीतरी उसाचा रस मागत होतं, कंडक्टर पारनेर-पारनेर ओरडत होता, आणि ती पंचावन्न या आकड्याकडे अशी बघत बसली होती, जणू तो कुणीतरी तिच्या नावानं पाठवला होता. पप्पांची चाकांची खुर्ची त्या दारातून जाणार नव्हती. आणि हे समजायला तिला महिना लागला होता.

बुकिंगच्या दिवशी सगळे दौंडच्या घरी जमले होते. मुंबईहून निघून कोची करून लक्षद्वीप, आणि परत मुंबई. कल्पना मामाची. विमानात बसलं की दोन तासांत संपतं, जहाजात ऱ्हायचं असतं, असं तो भांडगावहून येताना ठरवूनच आला होता. दोन केबिन, आठव्या डेकवर, शेजारीशेजारी, बाल्कनीच्या. एकीत मामा-मामी आणि जादा गादीवर करुणा, दुसरीत आई-पप्पा. स्क्रीनवर एक प्रश्न आला होता, प्रवाशांपैकी कुणी व्हीलचेअर वापरतं का. करुणाचं बोट तिथं थांबलं तशी आई आणि मामा एकदमच म्हणाले होते, न्हाई लिही. "त्यांना सांगितलं की नाटकं सुरू करतील," मामा म्हणाला होता. "डॉक्टरचा दाखला आणा, अमकं आणा. आपण सरळ जाऊन दारात उभं ऱ्हायचं. दारात आलेल्या माणसाला कोण माघारी लावतंय? आन् उचलायला मी हाय, करुणा हाय, ताई हाय. दाजींचं वजन ते किती!" हे असंच चालत आलं होतं. लग्नाची कार्यालयं, दवाखान्यांचे जिने, नागपूरची दीक्षाभूमी, सगळीकडे आधी काही विचारायचं नाही, जाऊन उभं राहायचं आणि चार हातांनी उचलायचं. उचलणारे कमी पडत नसत. अनोळखी माणसंसुद्धा धावून येत, "धरा रे, धरा" करत, आणि पप्पा हवेत तरंगत पुढे जात, चेहऱ्यावर एक हसू, जे घरी कधी दिसत नसे. करुणानं 'नाही'वर टिचकी मारली होती. पप्पा तेव्हा खिडकीशी पेपर वाचत होते.

गाडी आली. खिडकीची जागा मिळाली. न्हावऱ्यापर्यंत पुढे उसाची ट्रॉली होती, ड्रायव्हरला बाजू काढता येईना, आणि त्या संथ गतीत करुणाला हळूहळू दुसरंच काहीतरी दिसायला लागलं. मागच्या आठवड्यात पप्पा म्हणाले होते, "तुम्ही तिघं-चौघं जावा. मी घर सांभाळतो." का, तर पाण्याची भीती वाटते. आईनं ते धरून ठेवलं होतं. तुम्ही न्हाई तर मीबी न्हाई, आणि मग मामाही म्हणाला, दाजी न्हाईत तर मजा काय, रद्द करून टाकू. पाण्याची भीती. ज्या माणसानं घोडनदीला पूर असताना इनामगावच्या बाजूला पोहून म्हैस काढली होती, त्याला पाण्याची भीती. करुणानं तेव्हा हे ऐकून सोडून दिलं होतं. आजारानं माणूस बदलतो असं काहीतरी मनात म्हणून. आता ट्रॉलीमागे गाडी खुरडत होती आणि तिला इनामगावचं लग्न आठवलं. मांडवात पप्पांच्या पुढ्यात पाण्याचा ग्लास होता. जेवण झालं, पान झालं, ग्लास तसाच. कडेला एक माशी बसून गेली होती. नागपूरच्या प्रवासात आईनं सारखी बाटली पुढे केली होती आणि ते "आत्ताच प्यालो की" म्हणत होते, ओठांना पांढरी साल आलेली. पुण्याच्या डॉक्टरकडे जायच्या दिवशी सकाळचा चहा त्यांनी कधीच घेतला नव्हता. चहाची चव लागत नाही म्हणायचे, आणि संध्याकाळी घरी पोचलं की एका दमात तांब्या रिकामा करायचे. ही सगळी निरीक्षणं तिच्याजवळ होती. सहा वर्षांची. एकाही ठिकाणी आकडा चुकलेला नव्हता. फक्त ती कधी एका कागदावर आली नव्हती. पप्पा पाण्याला भीत नव्हते. ते पाणी प्यायला भीत होते. कारण प्यायलं की जावं लागतं, आणि बाहेर कुठंही जायचं म्हणजे चार हात, अरुंद दार, कुणीतरी मागून धरलेलं, कुणीतरी तोंड फिरवून उभं, आणि बाहेर रांगेतली माणसं. दौंडच्या घरात त्यांनी आपल्या न्हाणीचं दार स्वतः माप देऊन रुंद करून घेतलं होतं, भिंतीला लोखंडी पाइप बसवून घेतला होता, आणि घरात त्यांना कुणाचा हात लागत नसे. तो पाइप ती रोज बघत होती. रोज त्याला टॉवेल वाळत घालत होती.

गाडीतूनच तिनं जहाजाच्या कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसला फोन लावला. तिकडून ऋतिका नावाच्या मुलीचा गोड, घाईतला आवाज आला.

"मॅडम, बुकिंगमध्ये तर व्हीलचेअर 'नो' आहे."

"ते चुकीचं भरलं. बदलायचंय."

"ओके. पेशंट कोण आहेत?"

"पेशंट नाही. प्रवासी. रोहिदास, माझे वडील."

पलीकडे क्षणभर कळफलकाचा आवाज. "सॉरी मॅडम. तशा चारच केबिन आहेत जहाजावर. तीन गेल्या. चौथी आहे, पण पाचव्या डेकवर. आतल्या बाजूची. विंडो नाही, बाल्कनी नाही. दार ब्याऐंशी सेंटिमीटर, आत दीडशेचा वळायचा गोल, उंबरा नाही, दोन्हीकडे धरायला बार."

"ब्याऐंशी म्हणजे चौकट धरून की मोकळं?"

"अं... मोकळं. क्लिअर लिहिलंय." ऋतिका हसली. "असं कुणी विचारत नाही हो. उद्या सहापर्यंत तुमच्यासाठी धरून ठेवते. पण बाल्कनीची सोडावी लागेल. आणि मॅडम, बरं झालं आत्ता फोन केलात. डेकवर आल्यावर कळलं असतं तर काही करता आलं नसतं."

फोन ठेवल्यावर करुणाला जाणवलं, आपण इतका वेळ पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरून बसलोय. हाताला गंजाचा वास येत होता. उद्या सहापर्यंत. पण ही बातमी घरी सांगायची म्हणजे आधी दुसरं काहीतरी सांगावं लागणार होतं, आणि ते कसं सांगतात हे तिला कुठल्याच पुस्तकात शिकवलेलं नव्हतं. पप्पा, मला कळलंय तुम्ही पाणी का पीत नाही. असं म्हणायचं? ज्यानं सहा वर्षं इतक्या काळजीनं झाकून ठेवलं, त्याच्या अंगावरचं पांघरूण ओढल्यासारखं. न सांगता नुसती केबिन बदलून टाकली तर? तर पुन्हा तेच, त्यांच्या वतीनं दुसऱ्यानं भरलेलं उत्तर. दौंड येईपर्यंत तिनं वाक्यं जुळवली आणि मोडली. स्टेशनच्या पुलावरून गाडी गेली तेव्हा खाली मालगाडीचे डबे एकमेकांना धडकल्याचा तो लांबत जाणारा आवाज आला. पप्पा रेल्वेच्या यार्डात शंटिंगला, डबे जोडायच्या कामावर होते तेव्हा घरी बसून ती सांगू शकायची, आज डबे हलके आहेत की भरलेले.

घरी मामा आधीच येऊन बसला होता, रद्द करायचं की नाही याचा फैसला करायला. करुणानं बॅग ठेवली आणि जुळवलेलं एकही वाक्य न वापरता सरळ म्हणाली, "पप्पा, त्या केबिनच्या बाथरूमचं दार पंचावन्न आहे. उंबरा आहे. तुम्ही आत जाऊ शकणार नाही."

"मग काय झालं?" मामा म्हणाला. "मी हाय की."

 पप्पांनी चष्मा काढला, हे तिनं पाहिलं.

"दुसरी केबिन आहे. तिथं खुर्ची आत जाते. बार आहेत. एकट्यानं जाता येतं. पण खिडकी नाही, आणि मामापासून लांब, तीन डेक खाली."

"खिडकी न्हाई?" आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, हाताला पीठ. "समुद्रावर जायचं आन् भिंतीकडं तोंड करून निजायचं? आगं, त्यापरीस दौंडात काय वाईट हाय? आन् मी हाय ना त्यांना न्यायला. आत्तापातूर कोण नेत होतं?"

"आई, तू नेतेस हे मला—"

"न्हाई, सांग ना. कवा पाडलं मी त्यांना? कवा कुरकुर केली?" आईच्या उजव्या मनगटाला निळा पट्टा होता, तो ती मागच्या वर्षापासून बांधत होती आणि कुणी विचारलं तर पाणी भरताना लचकलं म्हणत होती. तिचा आवाज चढला नाही, उलट बसला. "तुम्हाला जड झालं का हो माझं धरणं?"

 करुणाला वाटलं, आपण मोजायला गेलो एक दार आणि उघडलं भलतंच. परत बंद करता येईल का? मामासुद्धा छताकडे बघत होता.

"तुझं न्हाई गं, सुरेखा," पप्पा म्हणाले. चष्मा त्यांच्या मांडीवर होता आणि ते त्याच्या काड्या मिटत-उघडत होते. "तू धरतीस तवा मला पडायची भीती न्हाई वाटत. पण धरल्यावर तू तिकडं बघत उभी ऱ्हातीस, आन् बाहेर नवनाथ 'झालं का दाजी' म्हणून इचारतो. मग व्हायचं तेबी व्हत न्हाई." ते थांबले. "म्हणून मी पीतच न्हाई काही. पाच दिस तसं काढायचं म्हंजी..."

 मामाचा चेहरा भर बाजारात कुणी कान धरल्यासारखा झाला. "आयला, दाजी," तो हळूच म्हणाला, "मी आपला काळजीपोटी इचारायचो." आणि आई खाली बसली. तिनं पदरानं पीठ पुसलं, मग पदराला पीठ लागलं म्हणून पदर झटकला. "नागपूरला बी?" तिनं विचारलं. पप्पांनी मान डोलावली. "मला वाटायचं गाडी लागती तुम्हाला. मी आल्याच्या वड्या करून द्यायची." ती एकाएकी हसली आणि डोळे पुसायला लागली, आणि पप्पा म्हणाले, "वड्या चांगल्या व्हायच्या पण." तेवढ्यानं खोलीतली हवा बदलली. करुणाच्या खांद्यांतून काहीतरी उतरत गेलं, ताणलेली दोरी खुंटीवरून सुटावी तसं. तिनं जे सांगायला चाळीस वाक्यं जुळवली होती ते त्यांचं त्यांनीच सांगून टाकलं होतं.

पण पप्पा लगेच हो म्हणाले नाहीत. "ब्याऐंशी म्हणती ती पोरगी. कागदावरचं ब्याऐंशी. आत वळलं पाहिजे की. तिथं जाऊन अडकलो म्हंजी परत नवनाथच."

म्हणून दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, वस्तीतल्या विहारापुढच्या फरशीवर करुणानं फक्कीनं पाचव्या डेकवरची ती केबिन आखली. ऋतिकानं पाठवलेल्या नकाशावरचा प्रत्येक आकडा, जसाच्या तसा. फक्की मामानं आणली होती, कबड्डीच्या मैदानाला लागते ती. पलंग, कपाट, न्हाणीघर, दाराची मोकळी जागा. खुर्ची तिनं पप्पांना बसवूनच मोजली: चाकांच्या बाहेरच्या कडांपर्यंत त्रेसष्ट, आणि दोन्हीकडे हातानं फिरवायच्या रिमचे अडीच-अडीच, म्हणजे अडुसष्ट. ऊन अजून कोवळं होतं, विहारातून वंदनेचा आवाज संपून चपला घालायची गडबड ऐकू येत होती, आणि बाहेर येणारं प्रत्येक जण रेषांपाशी थांबत होतं.

"जय भीम, रोहिदासराव," यार्डातले त्यांचे जुने सोबती आनंदराव म्हणाले. "पोरगी घर बांधती काय?"

"जहाज हाय," मामा म्हणाला.

"मग पाणी कुठाय?"

"पाणी मागनं येनार हाय. तुम्ही आधी भिंतीवरनं पाय काढा. कपाटात उभं ऱ्हायलाव."

आनंदराव उडी मारल्यासारखे कपाटातून बाहेर झाले. करुणानं मामाला बेसिनच्या जागी उभं केलं, कारण बेसिन भिंतीतून पुढे येतं आणि ते रेषेनं दाखवता येईना. "मी बेसिन?" मामा म्हणाला. "सव्वीस वर्षं नोकरी केली आन् शेवटी बेसिन." "पोट आत घे," आई म्हणाली, "बेसिन येवढं न्हाई." सगळे हसले, पप्पासुद्धा, आणि ते हसू उचलताना असायचं ते नव्हतं. ते ओळखायला तिला मोजमाप लागलं नाही.

पहिल्या वेळी पप्पा सरळ आत गेले आणि वळताना खुर्चीचा पाय ठेवायचा पायटा मामाच्या नडगीला लागला. "बेसिन फुटलं," मामा कळवळून म्हणाला. करुणा रेषांकडे बघत होती. आत दीडशेचा गोल होता, पण पप्पांच्या खुर्चीचा पायटा नेहमीपेक्षा लांब. हिशेबानं बसत नव्हतं.  "पप्पा, उलटं आलात तर? वळण बाहेर घ्यायचं, पलंगापाशी."

"शंटिंग म्हण की," ते म्हणाले. ते बाहेर आले, पलंग आणि कपाटाच्या मधल्या जागेत खुर्ची फिरवली, खांद्यावरून एकदा मागं पाहिलं आणि दारातून उलटे आत गेले, संथ, न थांबता, डबा डब्याला लावावा तसे. रेषेवरची फक्की कुठंच उडाली नाही. ते आत थांबले, हात लांबवून जिथं बार असायला हवा तिथं हवेत धरून पाहिलं. मग आजूबाजूला जमलेल्या सगळ्यांकडे नजर टाकली. आनंदराव, वंदनेहून आलेल्या बायका, बेसिन.

"आता सगळे बाहेर व्हा," ते म्हणाले. "नवनाथ, तूबी. सुरेखा, दार लाव."

कुणी हसलं नाही. मामा रेषा ओलांडून बाहेर आला. आई पुढे झाली, मोकळ्या जागेपाशी थांबली, क्षणभर तिला हात कुठं ठेवावा कळेना. मग तिनं कडी असते तिथं हवेत हात नेला आणि दार ओढून घेतलं. आणि पाठ फिरवली. तिच्यामागोमाग एकेक करून सगळ्यांनी पाठ फिरवली, आनंदरावांनीही, भर उन्हात, बिनभिंतीच्या खोलीकडे. करुणा पिंपळाच्या पाराकडे बघत उभी राहिली. तिला मागून काहीच ऐकू येत नव्हतं. चाकाचा आवाज नाही, श्वास नाही. तिथं एक माणूस एकटा बसला होता, एवढंच. वेळ किती गेला ते तिनं मोजलं नाही. मग पप्पांचा आवाज आला, मोकळा, थोडा मोठा, घरातून हाक मारतात तसा.

"करुणा, बुक कर. आन् कुणीतरी पाणी आणा रे, घसा वाळलाय."

नकाशा ज्या मोबाइलवरून आला होता त्यावर तिनं तिथूनच फोन लावला. ऋतिकाचा आज सुट्टीचा दिवस होता तरी तिनं उचलला, केबिनचा नंबर सांगितला, बाल्कनीची सोडली, पाचव्या डेकवरची लावली, आणि 'व्हीलचेअर'पुढं 'येस' झाल्याचा निरोप करुणाच्या मोबाइलवर येऊन पडला. आई मामाला सांगत होती की रोज संध्याकाळी ते दोघं वर त्यांच्या बाल्कनीत येणार, आणि मामा म्हणत होता, या की, फक्त तुमच्या वड्या घेऊन या. पप्पा आनंदरावांच्या तांब्यातून पाणी पीत होते, वरून धार धरून, गळ्याची गाठ खालीवर होत होती. उन्हात रेषा लख्ख दिसत होत्या आणि त्यांच्यामधून फरशीवरच्या धुळीत चाकांचे दोन ताजे ठसे गेले होते.

करुणा खाली बसली आणि टेप उघडला. दारापाशी डाव्या ठशाच्या कडेपासून रेषेपर्यंत अकरा सेंटिमीटर, उजव्या ठशापासून आठ. दोन्हींतून रिमचे अडीच-अडीच वजा केले. डावीकडे साडेआठ. उजवीकडे साडेपाच. रिम फिरवणाऱ्या हाताला दोन्हीकडे जागा होती.